तोच स्फेरॉइड दोन आठवडे बघायचा असेल तर कुठलं इमेजिंग वापरावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एमसीएफ-७ या ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशींचे स्फेरॉइड (पेशींचे छोटे गोळे) ९६ वेलच्या (खळग्यांच्या) गोल तळाच्या प्लेटमध्ये वाढवलेत, डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध देऊन १४ दिवस तेच तेच स्फेरॉइड बघायचेत. कॉन्फोकलवर (लेसरने थराथराने बघणाऱ्या मायक्रोस्कोपवर) कॅल्सीन हा जिवंत पेशींना हिरवं करणारा आणि प्रोपिडियम आयोडाइड हा मेलेल्यांना लाल करणारा डाय टाकून पाहिलं तर बाहेर हिरवी रिंग आणि मधे काळोख दिसतो, गाइड म्हणतात हा नेक्रोटिक कोअर, म्हणजे मेलेल्या पेशींचा गाभा. शेजारच्या फिजिक्स डिपार्टमेंटमधे ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी) मशीन पडून आहे, ते वापरावं का?

वापरा, पण आधी त्या काळोखाचं बघू, कारण तिथेच बहुतेकांचा पेपर अडकतो.

मधे काळं दिसायला तीन वेगवेगळी कारणं असतात आणि तिन्ही कॉन्फोकलवर सारखीच दिसतात. एक, पेशी खरंच मेल्यात. दोन, डाय आतपर्यंत पोचलाच नाही, कॅल्सीनला बाहेरच्या पेशींतलंच एस्टरेज एन्झाइम तोडतं आणि तो तिथेच अडकून साठतो, मग आतल्यांच्या वाट्याला काय उरणार. तीन, डाय पोचला, पण लेसर आत गेला नाही किंवा आतला उजेड परत बाहेर आला नाही. खंडाळ्याच्या घाटात धुकं असताना अप्पर लावून बघा, पुढचा रस्ता दिसायच्या ऐवजी पांढरी भिंत दिसते, दाट पेशींच्या गोळ्यात लेसरचं तेच होतं, उजेड विखुरतो. घट्ट स्फेरॉइडमधे साधा कॉन्फोकल ५०-१०० मायक्रॉनच्या पुढे भरवशाचा नाही. तुमचा गोळा ४०० मायक्रॉनचा असेल तर त्याचा मधला भाग तुम्ही बघितलेलाच नाहीये, त्याला नेक्रोसिस म्हणायचा हक्क त्या इमेजवरून मिळत नाही.

मग खरा कोअर कधी येतो? थॉमलिन्सन आणि ग्रे यांनी १९५५ मधे माणसाच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरचे सेक्शन मोजून दाखवलं होतं की रक्तवाहिनीपासून साधारण १५०-२०० मायक्रॉनच्या पलीकडे ऑक्सिजन पुरत नाही आणि पेशी मरतात. स्फेरॉइडला ऑक्सिजन सगळ्या बाजूंनी बाहेरून मिळतो, म्हणून व्यास साधारण ५०० मायक्रॉनकडे गेला की कोअरची अपेक्षा धरायची, ३०० च्या गोळ्यात तो दिसला तर आधी संशय घ्यायचा. पेशी किती घट्ट बसल्यात आणि किती ऑक्सिजन खातात यावर आकडा पुढेमागे होतो, पण अंदाजाला पुरेसा आहे. खात्री करायची तर दोन-चार स्फेरॉइड फिक्स करून सेक्शन कापा, एच अँड ई हा पेशींची रचना दाखवणारा रंग द्या, आणि हायपॉक्सिया, म्हणजे ऑक्सिजनची कमतरता, बघायची असेल तर पिमोनिडाझोल हे रसायन द्या, ते ऑक्सिजन साधारण १० मिलिमीटर पाऱ्याच्या खाली गेला की पेशीतल्या प्रोटीनला चिकटतं.

इथेच एक सांगून ठेवतो कारण दर वर्षी कोणीतरी यात फसतं: एमसीएफ-७ मधे कॅस्पेज-३ (अपॉप्टोसिस, म्हणजे पेशीचा ठरवून होणारा मृत्यू, घडवणारं एक एन्झाइम) नसतंच, त्याच्या जीनमधे तुकडा गेलेला आहे. म्हणजे सेक्शनवर क्लीव्ह्ड कॅस्पेज-३ ची अँटिबॉडी टाकून "अपॉप्टोसिस नाही" असा निष्कर्ष काढू नका, कॅस्पेज-७ किंवा क्लीव्ह्ड पार्प (कॅस्पेजने तोडलेलं एक प्रोटीन) बघा. पेशी तुम्ही पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेतून आणल्या असोत की कुठूनही, हे त्या लाइनचंच लक्षण आहे.

आणि दुसरं, डॉक्सोरुबिसिन स्वतःच चमकतं. ४८० नॅनोमीटरच्या आसपास एक्साइट होतं आणि नारिंगी-लाल उजेड देतं, म्हणजे तुमच्या प्रोपिडियम आयोडाइडच्या चॅनेलमधे थेट घुसतं. औषध दिलेल्या गोळ्यात लाल वाढलं तर ते मेलेल्या पेशींचं की औषधाचंच, हे एका इमेजवरून सांगता येणार नाही. बरं, औषध किती शिरलं ते मोजायला तरी हे लाल वापरावं म्हटलं तर तेही सरळ नाही, डीएनएत शिरलं की डॉक्सोरुबिसिनची चमक मंदावते, त्यामुळे जास्त चमक म्हणजे जास्त औषध असा हिशोब बसत नाही. मृत पेशींसाठी फार लाल किंवा निळ्या बाजूचा डाय घ्या, किंवा सगळ्यात उत्तम म्हणजे रोजच्या मोजमापातून डायच काढून टाका.

डाय काढून टाका म्हणतो कारण तुम्हाला तोच स्फेरॉइड १४ दिवस बघायचाय. एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, उजेडावरून मोजणारी ल्युमिनेसन्सवाली चाचणी चांगली आहे, पण त्यात पेशी फोडाव्या लागतात, म्हणजे तो स्फेरॉइड गेला. सेक्शनचंही तेच. मग प्रत्येक दिवसाला वेगळे स्फेरॉइड वापरायचे, आणि एकाच प्लेटमधले गोळेही सुरुवातीपासून एकमेकांपेक्षा वेगळे असतात, तो फरक औषधाच्या परिणामात मिसळतो. तोच गोळा परत परत बघितला की त्याची तुलना त्याच्याशीच होते, आणि त्यासाठी औषध द्यायच्या आधीची इमेज, शून्याव्या दिवसाची, प्रत्येक वेलची हवीच. ही इमेज नसलेला डेटा घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि विचारतात की काही करता येईल का, तर फारसं नाही करता येत.

आता पद्धती. साध्या ब्राइटफील्डला, म्हणजे नुसत्या साध्या उजेडात बघायला, नाक मुरडू नका. ४एक्स ऑब्जेक्टिव्ह, रोज किंवा दिवसाआड, सगळ्या ९६ वेल अर्ध्या तासात होतात, पेशींना काही त्रास नाही. पण त्यातून काढलेला व्हॉल्यूम जपून वापरा. व्यासात १० टक्के चूक म्हणजे व्हॉल्यूममधे ३३ टक्के चूक, कारण तिसरा घात आहे, आणि वरून गोल दिसणारा स्फेरॉइड बाजूने गोल असतोच असं नाही. वाढता वाढता बरेच स्फेरॉइड चपटे होतात, वरून व्यास वाढतोय म्हणून आपण खूश आणि उंची मात्र कमी होत असते. २०१७ मधे अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठातल्या गटाने एचसीटी-११६ आणि यू-८७ एमजी या कॅन्सर पेशींचे स्फेरॉइड तीन आठवडे ओसीटीने बघून व्यासावरून काढलेला व्हॉल्यूम आणि खरा व्हॉल्यूम यांची फारकत दाखवली होती. औषध दिल्यावर अजून एक गंमत होते, मेलेल्या पेशी सुटून गोळ्याभोवती कचऱ्याचा ढग बनतो आणि सॉफ्टवेअर त्या ढगासकट कडा पकडतं, म्हणजे औषध जोरात काम करतंय आणि आकडा सांगतो की ट्यूमर वाढला. फोटो डोळ्याने बघायचा कंटाळा करू नका.

ओसीटी. १९९१ मधे एमआयटीच्या गटाने ही पद्धत मांडली, बहुतेकांना ती डोळ्याच्या डॉक्टरांकडे रेटिना बघण्यासाठी माहीत असते. तत्त्व अल्ट्रासाउंडसारखंच, फक्त आवाजाच्या जागी जवळचा इन्फ्रारेड उजेड, आणि उजेडाचा प्रतिध्वनी थेट मोजता येत नाही इतका वेगवान म्हणून इंटरफेरन्सने मोजायचा. डाय लागत नाही, पेशींना जाणवेल इतकी पॉवर नसते, एका स्फेरॉइडचा पूर्ण थ्रीडी स्कॅन काही सेकंदांत होतो. १३०० नॅनोमीटरच्या आसपासचा, १०० नॅनोमीटर रुंदीचा सोर्स असेल तर खोलीच्या दिशेने रिझोल्यूशन हवेत साधारण ७ मायक्रॉन मिळतं, मीडियममधे (पेशी वाढवायच्या द्रवात) साडेपाचच्या आसपास. म्हणजे एकेक पेशी सुटी दिसणार नाही, ते मनातून काढून टाका, पण गोळ्याचा खरा आकार, उंची, आतले थर आणि पोकळ्या दिसतात, आणि अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा स्फेरॉइड आरपार दिसतो. ८०० च्या आसपासचं मशीन असेल तर बारकावा जास्त, खोली कमी. शेजारच्यांचं मशीन कुठलं आहे ते आधी विचारा, रेटिनाचं क्लिनिकल युनिट असेल तर ते डोळ्याच्या लेन्समधून बघायला बनवलेलं असतं, पुढे वेगळी लेन्स लावल्याशिवाय प्लेटवर चालणार नाही.

प्लेटवर ओसीटी करताना आधी त्रास देते ती रिफ्लेक्शनची पांढरी रेघ, मीडियमच्या पृष्ठभागाची किंवा तळाच्या प्लास्टिकची. प्लेट दोन-चार डिग्री तिरकी ठेवली की बरीच कमी होते. वरून बघणार असाल तर झाकणावरची वाफ आड येते. खालून बघणार असाल तर गोल तळ लेन्ससारखा वागतो आणि आकार वाकवतो, त्यामुळे खालून बघायचं ठरलं असेल तर सपाट तळ आणि अगारोज जेलीचा थर बरा. खोलीचा आकडा मशीन ऑप्टिकल अंतरात देतं, त्याला अपवर्तनांकाने भागायचं, मीडियमसाठी साधारण १.३४ आणि टिश्यूसाठी १.३८ च्या आसपास, आणि जे धराल ते १४ दिवस तेच धरा. फोकसही रोज त्याच उंचीवर, नाहीतर ब्राइटनेसची तुलना कशाशी करणार?

ब्राइटनेसची तुलना करायचीच आहे, कारण खरी मजा तिथे आहे. उजेड आत जाताना किती भरभर क्षीण होतो हे प्रत्येक जागी काढता येतं आणि नेक्रोटिक भागात तो जास्त भरभर क्षीण होतो, मघाशी सांगितलेल्या लीहायच्या कामात याच आधारावर कोअर वेगळा काढला होता. म्हणजे तुमच्या गाइडच्या प्रश्नाला डायशिवाय उत्तर मिळू शकतं. पण फोकसचा आणि खोलीप्रमाणे मशीनचा सिग्नल उतरतो त्याचा हिशोब आधी वजा करावा लागतो, फिजिक्सवाल्यांना बरोबर घ्या, त्यांच्यासाठी ते रोजचं काम आहे. आणि तुमच्या लाइनवर, तुमच्या औषधावर हा फरक खरंच दिसतो का ते निदान काही स्फेरॉइडच्या सेक्शनशी ताडून बघा.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे डायनॅमिक ओसीटी, आणि माझं विचाराल तर औषधाच्या कामासाठी हीच सगळ्यात उपयोगी. जिवंत पेशीच्या आत सतत हालचाल चालू असते, मायटोकॉन्ड्रिया, व्हेसिकल, सायटोस्केलेटन, आणि या हालचालीला एटीपी लागतं. एकाच जागेच्या काही सेकंदांत तीसेक फ्रेम घेतल्या की जिथे हालचाल आहे तिथला सिग्नल लुकलुकतो, मेलेल्या भागातला स्थिर राहतो. जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठाच्या गटाने एमसीएफ-७ स्फेरॉइडवरच हे केलंय, बाहेरची जिवंत कड आणि आतला शांत भाग वेगळा दिसतो आणि औषधाने तो कसा बदलतो ते दिसतं. तुमचीच लाइन आहे, ते काम जरूर वाचा. याचा फायदा असा की आकार कमी व्हायच्या आधी हालचाल बदलते. आकार ही फार उशिरा बोलणारी गोष्ट आहे, पेशी मरून, फुटून, विरघळून जाईपर्यंत गोळा तेवढाच राहतो, आणि वाढ नुसती थांबवणारं औषध असेल तर आकारावरून कळायलाच आठवडा जातो.

पण डायनॅमिक ओसीटी तापमानाला फार हळवी आहे. प्लेट ३७ डिग्रीच्या इनक्युबेटरमधून काढून एसीच्या खोलीत टेबलावर ठेवली की पेशींची हालचाल आपोआप मंदावते, मीडियमचा पीएचही चढायला लागतो, मीडियममधला फिनॉल रेड हा पीएच दाखवणारा रंग जांभळट व्हायला लागला की समजा. ए रांगेपासून एच रांगेपर्यंत स्कॅन करायला पाऊण तास लागला आणि कंट्रोल ए मधे, जास्तीत जास्त डोस एच मधे असेल तर तुम्हाला सुंदर डोस-रिस्पॉन्स मिळेल आणि तो औषधाचा नसेल. स्टेजवर हीटर हवा, तो नसेल तर डोस प्लेटभर विखरून लावा आणि स्कॅनचा क्रम रोज बदला. मशीनच्या टेबलाखाली व्हायब्रेशन किती येतं तेही बघा, शेजारी सेंट्रिफ्यूज चालू असेल तर मेलेला गोळासुद्धा नाचतो.

टू-फोटॉन (दोन फोटॉन एकदम शोषले की येणारी चमक बघणारी पद्धत) आणि फ्लिम (चमक किती काळ टिकते ते मोजणारी) थोडक्यात सांगतो, कारण ते यंत्र सगळ्यांकडे नसतं. १९९० मधे कॉर्नेलमधे डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी टू-फोटॉन मायक्रोस्कोपी आणली. ७५० नॅनोमीटरच्या आसपास पेशीतलं एनएडीएच, म्हणजे ऊर्जा बनवण्यात भाग घेणारा रेणू, स्वतःहून चमकतं आणि त्या चमकेचा काळ सांगतो की ते मोकळं आहे की प्रोटीनला बांधलेलं, मोकळं असेल तर सुमारे ०.४ नॅनोसेकंद, बांधलेलं असेल तर त्याच्या कितीतरी पट. त्यावरून पेशीचा मेटाबॉलिझम कळतो आणि औषधाचा परिणाम एक-दोन दिवसांत पकडता येतो. मेलिसा स्काला यांच्या गटाने २०१४ मधे ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑर्गनॉइडवर (ट्यूमरच्या पेशींपासून वाढवलेल्या छोट्या ऊतींवर) हे दाखवलं. एकेक पेशी दिसते ही त्याची ताकद. पण घट्ट गोळ्यात शे-दीडशे मायक्रॉनच्या पुढे सिग्नल क्षीण, आणि डॉक्सोरुबिसिनची चमक एफएडी या तशाच दुसऱ्या रेणूच्या चॅनेलमधे शिरते, तुमच्या औषधासाठी डोकेदुखी. लाइट-शीट (उजेडाचा पातळ पडदा बाजूने टाकून बघायची पद्धत), म्हणजे ज्याची आजची लाट २००४ च्या हायडेलबर्गच्या कामापासून सुरू झाली, तीही छान, उजेडाचा मारा कमी, पण फ्लुरोसंट लाइन लागते आणि बहुतेक सेटअपमधे गोळा प्लेटमधून उचलून अगारोजमधे बसवावा लागतो. १४ दिवस, शंभर स्फेरॉइड, नको.

उजेडाचं विषारीपण हा विषय लोक फार हलक्यात घेतात. मीडियममधे हेपेस (पीएच सांभाळणारं बफर) आणि रायबोफ्लेविन (बी२ जीवनसत्त्व) दोन्ही असतील आणि त्यावर निळा उजेड पडला तर हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, म्हणजे तुम्ही इमेजिंग करता करता पेशींना दुसरंच औषध पाजताय. फ्लुरोसन्स करणारच असाल तर फिनॉल रेड नसलेलं मीडियम घ्या, आणि काहीही करत असाल तरी प्रत्येक प्लेटमधे काही वेल अशा ठेवा ज्या शून्याव्या आणि चौदाव्या दिवशी सोडून बघायच्याच नाहीत. त्यांच्यात आणि रोज बघितलेल्या कंट्रोलमधे फरक दिसला तर तो तुमच्या बघण्याचा परिणाम आहे.

प्लेटच्या कडेच्या वेलमधलं पाणी उडतं, मीडियम खारट होतं, तिथे पीबीएस (क्षारयुक्त बफर) भरून ठेवा आणि मधल्या ६० वेल वापरा. मीडियम अर्धंच बदला, पिपेटचं टोक वेलच्या भिंतीला लावून, नाहीतर एखादा गोळा टिपमधे जातो आणि कळतही नाही. आणि एक गोष्ट जी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या लक्षात येत नाही: मीडियम बदललं की स्फेरॉइड लोळतो. तो काही कुठे चिकटलेला नाही. म्हणजे तिसऱ्या दिवसाचा वरचा डावा कोपरा सातव्या दिवशी कुठे आहे ते सांगता येत नाही, बिंदूला बिंदू जुळवायच्या फंदात पडू नका. पूर्ण गोळ्याचे आकडे काढा, किंवा बाहेरच्या कडेपासून किती आत अशा थरांत काढा, कडेपासून ५० मायक्रॉन, १०० मायक्रॉन वगैरे. ऑक्सिजनही बाहेरूनच आत जातो, त्यामुळे हे थर जीवशास्त्रालाही धरून आहेत. पेशंटच्या ट्यूमरपासून केलेले ऑर्गनॉइड मॅट्रिजेल या जेलमधे असतील तर ते जागेवर राहतात, एकेकाचा माग ठेवता येतो, पण तिथे जेलच दिवसागणिक मऊ होऊन खाली बसतं आणि लहानमोठे, पोकळ-भरीव सगळे एकाच थेंबात, तो वेगळाच संसार आहे. आपल्याकडे २०२३ मधे औषध चाचणीच्या नियमांत प्राण्यांच्या जागी ऑर्गनॉइडसारख्या पद्धतींनाही जागा मिळाली तेव्हापासून याबद्दल विचारणारे वाढलेत, पण एमसीएफ-७ वर हात बसवून मग तिकडे जा.

आकडेमोडीत दोनच गोष्टी. कडा पकडायचं सेटिंग आधी ठरवा आणि औषधवाले फोटो उघडायच्या आत गोठवा, प्रत्येक इमेजला थ्रेशोल्ड हाताने सरकवत बसलात तर हवं ते उत्तर मिळतंच. आणि एका प्लेटमधले वीस स्फेरॉइड म्हणजे एन वीस नाही, वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजवरून (पेशींच्या वेगळ्या पिढीवरून) लावलेल्या बॅच मोजा. तोच गोळा परत परत मोजलाय म्हणून रोजचे आकडे एकमेकांशी बांधलेले आहेत, दर दिवसाला वेगळी टी-टेस्ट लावू नका, मिक्स्ड मॉडेल (एकाच गोळ्याचे आकडे बांधलेले आहेत हे धरणारी पद्धत) लावा, स्टॅटिस्टिक्सवाल्याला चहा पाजून विचारा.

तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं: सगळ्या वेलचं ब्राइटफील्ड दिवसाआड. ओसीटी, साधी आणि डायनॅमिक दोन्ही, शून्याव्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या, दहाव्या आणि चौदाव्या दिवशी, सुरुवातीला दाट कारण औषधाचा परिणाम तेव्हाच वळण घेतो. सातव्या आणि चौदाव्या दिवशी प्रत्येक डोसचे काही जास्तीचे स्फेरॉइड फिक्स करून सेक्शनला. कॅल्सीन-प्रोपिडियम फक्त शेवटच्या दिवशी, आणि त्याच्या शेजारी डाय न घातलेला, नुसतं डॉक्सोरुबिसिन दिलेला स्फेरॉइड त्याच सेटिंगवर, म्हणजे लाल किती औषधाचं ते कळेल.

पण हे सगळं सुरू करायच्या आधी, ओसीटीचा पहिला स्लॉट मिळाला की औषध न दिलेली एक प्लेट न्या, स्कॅन करा, इनक्युबेटरमधे परत ठेवा, तासाभराने पुन्हा स्कॅन करा. व्हॉल्यूम आणि हालचालीचा आकडा दोन्ही वेळा किती जवळ येतो ते बघा. तो फरक १५ टक्के असेल तर १० टक्क्यांच्या परिणामावर थीसिस लिहिता येणार नाही, आधी हीटर आणि फोकस दुरुस्त करा. आकडे आले की इथे टाका, बघू.